लेखकाला त्याचं आवडतं पुस्तक विचारा

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस नुसता धुरळा उडाला होता. गावात त्याच सुमारास या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही होतं, त्यामुळे ग्रुपचे सरळ दोन तट पडले. एवढ्या पैशात तालुक्यातली सगळी वाचनालयं सुधारली असती, असं एका तटाचं म्हणणं. अमळनेरला याआधीचं संमेलन १९५२ साली झालं होतं, कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली, इतक्या वर्षांनी मान मिळाला तर कौतुक करा की, असं दुसऱ्याचं. व्यासपीठावर पुढारी किती आणि लेखक किती, निमंत्रण कुणाला गेलं, कुणाचं राहिलं, सगळं झालं. मी उत्तर इंग्लंडातल्या लीड्स शहरात राहते, औषधाच्या दुकानात काम करते. पाळी संपवून बसमध्ये बसले की हे सगळं वाचायचे, अधूनमधून आपलंही मत टाकायचे. माझं माहेर अमळनेरचं, तेव्हा मी अलिप्त राहणं शक्यच नव्हतं.

पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला तेव्हाही असंच झालं. तो वाद गरजेचा होता आणि माझी बाजू ठरलेली होती. पण या दोन्ही वेळी एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. भाषेबद्दल, संमेलनाबद्दल, अनुदानाबद्दल आम्ही तावातावाने बोललो. एकाही पुस्तकाबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही. संमेलनाच्या निमित्तानं झालेल्या मुलाखती मी मिळतील तेवढ्या पाहिल्या. लेखकाला विचारलं जातं ते ठरलेलंच: लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली, नवोदितांना काय संदेश द्याल, सध्याच्या परिस्थितीबद्दल काय वाटतं. चित्रकार किंवा नट असला तर स्ट्रगल आणि पुढचं काम. तुम्ही स्वतः वाचक म्हणून कुठल्या पुस्तकापाशी अडकलात, कुठलं परत परत काढता, कुठल्या पुस्तकासाठी कुणाशी भांडलात, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते आपल्या साहित्यव्यवहारातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला फारसा पैसाही लागत नाही.

इथे बीबीसी रेडिओवर 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' नावाचा कार्यक्रम १९४२ पासून चालू आहे. पाहुण्यानं निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ गाणी निवडायची, आणि शेवटी एक पुस्तक. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात, म्हणून उत्तर त्यापलीकडचं द्यावं लागतं. शास्त्रज्ञ, खेळाडू, शिल्पकार, स्वयंपाकी, कुणीही आला तरी पुस्तकाच्या प्रश्नातून त्याची सुटका नाही. पण तिथे पुस्तक येतं अगदी शेवटी, आणि दोन वाक्यांत विषय संपतो. मला जास्त मोलाचा वाटतो तो १९७७ पासून चालत आलेला 'अ गुड रीड'. त्याची रीत साधी आहे. सूत्रसंचालक आणि दोन पाहुणे आपापल्या आवडीचं एकेक पुस्तक सुचवतात आणि तिघेही तिन्ही पुस्तकं वाचून येतात. मग बोलतात.

एवढ्यानं किती फरक पडतो, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. एखादा नट विशीत वाचलेली कादंबरी घेऊन येतो आणि समोरची लेखिका शांतपणे सांगते, मला हे निम्म्यावर सोडावंसं वाटलं. आता त्याला नुसतं 'अप्रतिम', 'काळजाला भिडलं' म्हणून भागत नाही. कुठलं पान, कुठला माणूस, तेव्हा आपल्या घरात काय चाललं होतं, हे सांगावं लागतं. कधी तो सांगता सांगता स्वतःच थबकतो, कारण इतक्या वर्षांनी वाचताना ते पुस्तक त्याला तेवढं थोर वाटलेलं नसतं. न आवडलेल्या माणसासमोर आवड सांगायची, यातच त्या गप्पांचा सगळा कस आहे. आपल्याकडे पुस्तकावर जाहीर बोलायचं ते बहुधा प्रकाशन समारंभात, शाल-श्रीफळासकट. तिथे नावडीला जागा नसते आणि त्यामुळे आवडही खरी वाटत नाही.

याचा अर्थ इथे सगळं उत्तम आहे असं नाही. गेल्या पंधरा वर्षांत ब्रिटनमध्ये शेकडो सार्वजनिक वाचनालयं खर्चकपातीत बंद झाली. जी उरली त्यांतली कित्येक स्वयंसेवकांच्या जिवावर उभी आहेत. आवडत्या पुस्तकांच्या याद्या म्हणाल तर त्याच दहा-बारा इंग्रजी नावांभोवती फिरतात. जगात आणखीही भाषा आहेत हे आठवायला यांना कुणीतरी बाहेरचं यावं लागतं. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात महिन्याला जमणाऱ्या गटात मी जाते. पुस्तक सुचवायचा माझा नंबर आला तेव्हा मी 'कोसला'चा इंग्रजी अनुवाद पुढे केला. १९६३ ची, माझ्याच जिल्ह्यातल्या भालचंद्र नेमाडे यांची, खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची कादंबरी. निम्म्या गटाला ती मुळीच रुचली नाही. हा मुलगा नुसता भरकटतो, याला कुणी कामाला का लावत नाही, असं एक बाई चिडून म्हणाल्या. निवृत्त बसचालक असलेले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले. दोन परिच्छेदांनंतर त्यांना वाचवेना. पुढचं त्या चिडलेल्या बाईंनीच वाचलं. यावल तालुक्यातलं एक घर यॉर्कशरमधल्या माणसांनी असं मधोमध उघडलेलं पाहिलं आणि माझ्या मनात आलं, हे जळगावात का होत नाही? हेच पुस्तक, न आवडलेल्या दोघांना सोबत बसवून?

आपल्याकडे अशी रीत नव्हती, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. उलट खानदेशात आवडत्या पुस्तकावर जे बोलणं झालं त्याला तोड नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा प्रवचनं. ते बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. एका माणसानं आपल्या सगळ्यात लाडक्या ग्रंथाबद्दल सोबतच्या बंदिवानांशी मोकळेपणानं बोलायचं आणि दुसऱ्यानं मन लावून लिहून घ्यायचं. त्याच साने गुरुजींनी आधी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढलं होतं. मुलांना काय वाचून दाखवावं याचा ध्यास त्यांना रोजचा होता.

बहिणाबाईंचंही तेच. लिहिता-वाचता न येणारी बाई. तिच्या ओव्या सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं, त्याच वर्षी जेव्हा अमळनेरला पहिल्यांदा संमेलन भरलं. त्यांची छापखान्यावरची कविता मला फार मोठी वाटते. कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो, असं ती सांगते. पुस्तकाबद्दल इतकं नेमकं बोललेला वाचक मला अजून भेटायचा आहे, आणि ही बाई अक्षर न ओळखणारी. तिला आवडती पोथी कुठली, कुठल्या कीर्तनातलं काय कानात राहिलं, असं कुणी तासभर बसून विचारलं असतं तर! आपल्या भागात जे उरलं ते कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि लिहून ठेवलं म्हणून उरलं. हे ऐकून लिहून ठेवणारे लोक आपण मोजत नाही, त्यांचे पुतळे नाहीत, पण त्यांच्याशिवाय आपलं काय राहिलं असतं?

लेखकांपुरतंच हे ठेवू नये असंही मला वाटतं. चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे, रेल्वे स्टेशनच्या जवळ. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन परतलेला हा छायाचित्रकार-चित्रकार १९८९ साली जाईपर्यंत जवळजवळ अर्धं शतक घराबाहेर फारसा पडलाच नाही. घरातल्याच वस्तू मांडून त्यांनी जी छायाचित्रं केली त्यांना जगभर बक्षिसं मिळाली. ते घर आता संग्रहालय म्हणून जपलेलं आहे आणि त्यात त्यांची पुस्तकंही आहेत. त्या कपाटांसमोर उभी राहिले तेव्हा चित्रांपेक्षा जास्त वेळ मी तिथेच घालवला. कुठलं पुस्तक हाताळून हाताळून सैल झालंय, कुठल्याचं पान दुमडलंय, तेच बघत राहिले. एकटेपणा पत्करलेल्या माणसाला रात्री कोण सोबत करत होतं, हे समजलं तर त्यांच्या छायाचित्रांतला उजेडही जरा वेगळा दिसेल.

गेल्या खेपेस पारोळा तालुक्यातल्या एका गावी वहीगायन ही खानदेशी लोककला सादर करणाऱ्या वृद्ध कलावंतांकडे गेले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. डफ खुंटीला, बाजूला देवाचा फोटो, ओट्यावर नातू अभ्यास करत बसलेला. मी विचारलं, आबा, तुमचं आवडतं पुस्तक कुठलं? ते काही न बोलता आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली वही घेऊन आले. गुरूच्या हातची, कडा कुरतडलेल्या, काही पानांवर हळदीची बोटं उमटलेली. "हाईच मनं पुस्तक शे, ताई," म्हणाले. "माले वाचता कमी येस, पन आठे लिखेल सगळं पाठ शे." मग त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि इथे गुरू का चुकला होता, आपण गाताना ती ओळ का बदलतो, आणि बदलताना अजूनही हात का थरथरतो, हे सांगायला लागले. मोठमोठ्या समीक्षकांकडून ऐकायला मिळतं त्यापेक्षा हे कमी नव्हतं. नातवानं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं. त्यालाही आजोबांना हे विचारायचं सुचलं नव्हतं.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांना ठाऊक असेल. आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलंही नाही, आणि तिथे बसलेले आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय. कुणाला संमेलनात बोलावलं यावर आपण भांडतो ते रास्तच आहे. पण बोलावल्यावर त्याला काय विचारतो, हाही स्टेजचाच प्रश्न आहे. आदिवासी कवीला नेहमी आदिवासींच्या प्रश्नांवर बोलायला लावायचं आणि पुस्तकांवर, भाषेवर, कवितेच्या घडणीवर बोलायचं ते दुसऱ्यांनी, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. त्याला त्याचं लाडकं पुस्तक विचारा, तो वाचक म्हणून किती मोठा आहे ते कळेल.

माझी जळगावची मैत्रीण म्हणते, तुला तिकडे बसून सुचतं गं, इथे वाचतंय कोण? तिच्या बोलण्यात तथ्य आहे. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात वाचनालयांचं मोठं जाळं उभं केलं, पण 'ड' या सगळ्यात खालच्या वर्गातल्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला चार माणसं येतात आणि कथा-कादंबऱ्यांचं कपाट कुलूपबंद असतं, हे मीही पाहिलंय. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. पण मला असंही दिसतं की वाचणारे आहेत. केळीच्या बागेत पाणी सोडून मोबाईलवर कादंबरी ऐकणारा माझा मावसभाऊ आहे. मिशन हॉस्पिटलातली एक सिस्टर कवितांची वही बाळगते. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून आपण ठरवून टाकतो की कुणी वाचतच नाही. विचारायला लागतं काय? तीन माणसं, तीन पुस्तकं, महिनाभराची मुदत आणि रेकॉर्ड करणारा एक फोन. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळानं १९२७ पासून जुने कागद सांभाळले, जळगावचं विद्यापीठ तर बहिणाबाईंच्याच नावाचं आहे. असं बोलणं जपायला आपल्याकडे घरं आहेत.

दिवाळीनंतर पारोळ्याजवळच्या एका वाचनालयात पहिली बैठक ठरली आहे. आबा, त्याच गावातले चित्रकला शिकवणारे सर आणि अहिराणीत कविता करणारी एक तरुण मुलगी. सरांनी युरोपातल्या एका चित्रकाराच्या पत्रांचं पुस्तक दिलंय आणि ते आबांना वाचून दाखवायचं काम नातवानं घेतलंय. मुलीचं पुस्तक अजून ठरत नाही, दर आठवड्याला बदलतंय. ग्रंथपालांची अडचण वेगळी आहे: आबांच्या वहीला दाखल क्रमांक नाही, ती बाहेर द्यायची कशी? आबा ती देणारही नाहीत. तेव्हा सर आणि ती मुलगी दोघांनी आबांच्या ओट्यावर जाऊन अख्खी वही ऐकायची असं ठरलंय, आणि आबांनी आधीच बजावून ठेवलंय की ती एका रात्रीत संपत नाही.