क्यू द्यायला बाबा

व्यावसायिक अभिनेता व्हायला काय लागतं, असं विचारलं की लोक आवाज, चेहरा, निरीक्षणशक्ती वगैरे सांगतात. सगळ्यात आधी लागते ती रिकामी भिंत. मागे कॅलेंडर नको, देव नकोत, घड्याळ नको. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये अशी भिंत म्हणजे चैन आहे. आमच्याकडे ती फ्रिज सरकवला तर सापडते, आणि फ्रिज सरकवला की आई सरकते.

पूर्वी नकार ऐकायला निदान घराबाहेर पडावं लागायचं. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, मग रिक्षाने आरामनगर. तिथल्या कुठल्याशा कास्टिंग ऑफिसच्या बंगल्याच्या दाराशी एक पोरगा मोबाइलमधून मान वर करायचा, आपल्याला आपादमस्तक बघायचा आणि म्हणायचा, "नॉट फिट." भूमिका कसली, हे विचारेपर्यंत त्याची मान खाली. दारावरचे नकार अजून आहेतच, पण 2020च्या लॉकडाउननंतर सेल्फ टेपचा, म्हणजे घरीच मोबाइलवर ऑडिशन शूट करून पाठवण्याचा, सुळसुळाट झाला आणि घरबसल्या नापास व्हायची सोय झाली.

दुपारी जेवणं चालू असताना ऑडिशनच्या ग्रुपवर मेसेज येतो. 'मेल लीड, 28 ते 32, हाइट 5 फूट 10 प्लस, रिच लुक. पेमेंट 90 दिवसांनी. अर्जंट, तासाभरात पाठवा.' रिच लुकसाठी मी मावसभावाच्या लग्नातला ब्लेझर चढवतो, खाली बर्म्युडा. फ्रेम कमरेपर्यंतच असते. (मेसेजमध्ये 'रजिस्ट्रेशन फी' हे शब्द असतील तर ब्लेझरही चढवायचा नाही. ऑडिशनचे पैसे मागणारा काम देत नाही.)

आधी इंट्रो. नाव, वय, उंची, मग डावी बाजू, उजवी बाजू, तळहात पुढून-मागून. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं होतं, "कुठे चोरी केलीस?"

पण खरा प्रश्न असतो क्यू द्यायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचावी लागतात. कॉलेजातले एकांकिकावाले मित्र आता आयटीत आहेत, दुपारी दोन वाजता मीटिंगमध्ये असतात. आईला कुकर आहे. उरले बाबा. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं काढलेला माणूस. समोर कोण आहे याच्याशी त्यांना कधीच देणंघेणं नव्हतं.

सीन असा, की नायिका घर सोडून निघालीय. मी डोळ्यांत पाणी आणून तयार. बाबा चश्मा सावरून सुरू करतात, "हुंदका देत, कंसात, तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस, पॉज."

"बाबा, कंसातलं वाचायचं नाही."

"मग लिहिलंय कशाला?"

दुसऱ्या टेकला कंस गेले. माझं वाक्य आलं, डोळे भरले, आणि खालून "भंगाऽऽर" अशी आरोळी. तिसऱ्याला कुकर. चौथा टेक मनापासून होतोय असं वाटत होतं, तेवढ्यात बाबा स्क्रिप्टबाहेर गेले. "अरे, ती बाई एवढं बोलतेय, तू नुसता बघत काय राहिलायस?"

तो माझा अभिनय होता. स्पर्धांमध्ये आम्ही शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी ओरडायचो, इथे मोबाइल तीन फुटांवर. ऑडिशनला गेलं की "थोडं कमी कर" एवढंच ऐकू येतं. मी इतकं कमी केलंय की परवा टेक चालू असताना आई हळद-दूध घेऊन आली.

शेवटी टेप गेली. उत्तर आलं नाही. येत नसतंच, नकार कळवायची या धंद्यात पद्धत नाही, चार महिन्यांनी ती भूमिका करणारा दुसराच माणूस दिसला की आपण समजून घ्यायचं. मी हे पचवलंय. बाबांनी नाही. माझं काय झालं याची त्यांना फिकीर नव्हती, त्यांना त्या बाईची काळजी. "गेली का रे ती घरातून?" मी सांगितलं, ऑडिशनचा सीन नुसता चाचणीपुरता लिहिलेला असतो, मालिकेत तो येतोच असं नाही. पटलं नाही. "म्हणजे ती दारातच उभी?"

सोसायटीतल्या काकू विचारतात, "सध्या काय चालू आहे?" मी "ऑडिशन्स" म्हणतो. बाबा शेजारून सांगतात, "आम्ही आत्ता एक घटस्फोटाचं केलं, पुढच्या आठवड्यात पोलीस आहे."

ती मालिका मग सुरू झाली. माझ्या जागी एक देखणा, खरोखरच रिच लुकचा मुलगा होता. मी तोंड वाकडं करून बसलो होतो. बाबा मात्र पहिल्या भागापासून टीव्हीसमोर मांडी ठोकून, डोळे नायिकेवर. दोघांचं जोरात भांडण झालं. ब्रेक लागल्यावर त्यांनी आवाज बंद केला आणि जाणकारासारखी मान हलवली.

"मुलगा ठीक आहे. पण समोरची बाई क्यू छान देते."