‘रावळपिंडी’ आणि ‘जर्विस बे’ फुकट बुडाल्या नाहीत

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाविषयी एक मजकूर सतत फिरत असतो. प्रवासी जहाजांवर जुनाट तोफा चढवून त्यांना बड्या युद्धनौकांसमोर लोटणे हा मूर्खपणा होता, ‘रावळपिंडी’ आणि ‘जर्विस बे’ त्यापायी फुकट बुडाल्या, आणि अशी जहाजे लढाईत कधीच उपयोगी पडली नाहीत, असे त्यात म्हटलेले असते. तोफा जुन्या होत्या आणि जहाजांना चिलखत नव्हते, एवढे त्यातले खरे आहे.

मुळात बड्या युद्धनौकांशी झुंजणे हे या जहाजांचे काम नव्हते. आइसलंडच्या आसपास आठवडेच्या आठवडे गस्त घालून जर्मनीकडे निघालेला माल अडवणे आणि व्यापारी ताफ्यांना सोबत करणे, यासाठी नौदलाकडे क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, अपुऱ्या होत्या. दूरचा पल्ला आणि खवळलेल्या समुद्रात टिकण्याची ताकद टपाल बोटींत होतीच. ‘रावळपिंडी’, ‘रांची’, ‘रणपुरा’ आणि ‘राजपुताना’ या पी. अँड ओ. कंपनीच्या मुंबई मार्गावरच्या चार बोटी म्हणूनच निवडल्या गेल्या. गांधीजी 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते ‘राजपुताना’नेच.

आता ‘फुकट बुडाल्या’ या आरोपाकडे वळू. 23 नोव्हेंबर 1939 रोजी ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या बड्या जर्मन युद्धनौका समोर आल्या, तेव्हा ‘रावळपिंडी’चे कॅप्टन केनेडी यांनी शत्रू दिसल्याचा संदेश आधी पाठवला आणि मग लढाई दिली. त्यांच्यासह 238 जण मरण पावले. पण ब्रिटिश आरमार सावध झाले आणि दोन्ही जर्मन नौका माघारी वळल्या. 5 नोव्हेंबर 1940 रोजी कॅनडातील हॅलिफॅक्सहून निघालेल्या 37 जहाजांच्या ताफ्यावर ‘अ‍ॅडमिरल शेअर’ ही जर्मन युद्धनौका चालून आली, तेव्हा ‘जर्विस बे’ ही त्या ताफ्याची एकमेव संरक्षक नौका होती. कॅप्टन फेगन यांनी ताफ्याला पांगण्याचा आदेश दिला आणि आपली नौका थेट शत्रूच्या दिशेने वळवली. तिने मिळवून दिलेल्या वेळात धुराच्या आणि अंधाराच्या आडोशाने बहुतेक जहाजे निसटली; ‘शेअर’च्या हाती ताफ्यातली पाचच लागली. तीसहून अधिक जहाजांवरचे खलाशी ज्या झुंजीमुळे घरी पोहोचले, तिला फुकट म्हणणे हा त्या मृतांवर अन्याय आहे.

शिवाय, युद्धनौकांसमोर लोटल्यामुळे ही जहाजे बुडाली, हे आकड्यांतही दिसत नाही. अशा तोफा चढवलेल्या प्रवासी जहाजांना ‘सशस्त्र व्यापारी क्रूझर’ म्हणत; पन्नासहून अधिक ब्रिटिश जहाजांपैकी 15 गमावल्या. त्यांतील दहा पाणबुड्यांनी बुडवल्या, ‘राजपुताना’ही त्यांतच, शत्रूच्या तोफांनी बुडालेल्या केवळ तीन.

कधीच उपयोगी पडली नाहीत, हे विधान तर जर्मनीची बाजू पाहताच कोसळते. मालवाहू जहाजातून घडवलेल्या ‘कोर्मोरान’ने 19 नोव्हेंबर 1941 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ ‘सिडनी’ ही खरीखुरी क्रूझर बुडवली आणि तिच्यावरील सर्व 645 जण मृत्युमुखी पडले. ‘कोर्मोरान’ स्वतःही त्या लढाईत गेली, पण तिच्याकडे वेषांतर होते आणि शत्रूला अगदी जवळ येऊ देण्याचा संयम होता.

टीकाच करायची, तर ती नेमणुकीवर करावी. पाणबुड्यांचा वावर असलेल्या पाण्यात ही उंच, ठळक दिसणारी जहाजे अनेकदा एकेकटी फिरवली गेली, आणि जहाजाच्या पोटात रिकामी पिंपे ठासून ती तरंगती ठेवण्याची युक्ती पाणतीरापुढे (टॉर्पेडोपुढे) फार तर काही तास पुरत असे. उरलेल्या अनेक जहाजांना पुढे सैनिकांच्या वाहतुकीचे काम देण्यात आले.