यंदा गणपतीत सातबाऱ्याचंही बघा

रविवारी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा गुणगौरव झाला. बारावी झालेल्या सात मुलांना ट्रॉफी, शाल, श्रीफळ आणि डझनभर वह्या. भाषणं दीड तास. त्याच संध्याकाळी ट्रॉफी मिळालेल्या एका मुलीची आई माझ्या पडवीत येऊन बसली. "गो, तुझ्या चेडवाची फी कशी भरलंस? आम्ही माळ गहाण ठेवतोय."

म्हटलं, माळ राहू दे, आधी उत्पन्नाचा दाखला काढ. तर म्हणे, "शिष्यवृत्ती त्यांना असते, आपल्याला कुठची?"

हे वाक्य राजापूर तालुक्यात मी शंभर वेळा तरी ऐकलंय. खुल्या गटातल्या मुलांसाठीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार देतं. मुलींसाठी २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसीत ते पूर्ण माफ आहे, परीक्षा शुल्कासकट. आंब्याच्या चार कलमांवर आणि नवऱ्याच्या मुंबईच्या पगारावर चालणारं आमच्याकडचं कुठलं घर ८ लाखांच्या वर आहे? बीए-बीएस्सीला जाणाऱ्यांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला १२ हजार. ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची.

पण "मुलींचं शिक्षण फुकट" असं जे गावभर पसरलंय, ते तसं नाही. माफ होतं ते शिक्षण शुल्क. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बसचा पास हे सगळं आपल्याच खिशातून. दुसरं, प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतूनच हवा. आमच्या शेजारच्या मुलाला एका एजंटने घाबरवलं, "सीटा संपतायत, आत्ताच पैसे भरा." बापाने भरले. प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातून झाला आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती त्या एका दिवसात गेली. बापाला हे कळलं दुसऱ्या सेमिस्टरला. तोवर काजूची बाग गहाण पडली होती.

आता सातबाऱ्याकडे येते, कारण खरी गोची तिथेच आहे. हॉस्टेलच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. ती मिळते अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना. आम्ही अल्पभूधारक नाही तर कोण? पण आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यातली नऊ माणसं वारली, सहा जण डोंबिवली-नालासोपाऱ्यात, एका चुलत सासऱ्यांचं नाव कुणी ओळखतही नाही. आमच्या वाट्याला येतात जेमतेम बारा गुंठे, पण दाखला मागायला गेले तर समोर आलं एकूण क्षेत्र. "तुमची तर बरीच जमीन दिसते वहिनी." हसावं की रडावं कळेना. त्या वर्षी भत्ता गेला तो गेलाच.

जातवैधतेचंही, म्हणजे जातीचा दाखला तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचंही तसंच. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. आमच्या आजोबांच्या नावापुढे आडनावच लिहिलेलं नव्हतं, नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव. मग आत्याच्या दाखल्यावरून नातं जुळवत बसलो. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्याला गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना तसंच परत पाठवलं होतं. कोकणातल्या पोराचं असं दारात अडणं जुनंच आहे म्हणायचं.

आणि माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. मुलीचा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर पैसे जमा दिसले, पासबुकात मात्र शून्य. दोन महिने बँकेत आणि कॉलेजात हेलपाटे. शेवटी कळलं की मागे नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन मोबाइलवरचं एक खातं उघडून दिलं होतं, आणि आधार त्याला जोडलं गेलं होतं. पैसे तिथे निवांत पडले होते. तेव्हा अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा. मुलीला याबद्दल ओरडले होते, चूक माझी होती.

मुंबईच्या मंडळींना माझं एक मागणं आहे, राग मानू नका. चतुर्थीला तुम्ही सगळे येता. वर्षात हे पाच-सात दिवसच असे की सातबाऱ्यावरची जिवंत माणसं एका छपराखाली असतात. आरती झाली की पत्ते मांडण्याआधी एक तास वंशावळ लिहून काढा. वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले जमवा, वारस नोंदीचे अर्ज भरा, आणि वाटपाला सगळे तयार असतील तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायला सह्या घेऊन ठेवा. भांडण होईल, माहीत आहे. आमच्याकडे मागच्या वर्षी एका फणसावरून झालं. पण वारसांसकट सह्या एकोणीस मिळाल्या.

आणि पुढच्या वर्षी ट्रॉफ्यांऐवजी एक लॅपटॉप आणि फॉर्म भरता येणारा एखादा पोरगा दोन दिवस समाजमंदिरात बसवा. वह्या आमच्याकडे राजापुरातही मिळतात.

कर्ज काढायचीच वेळ आली तर सोन्याआधी शैक्षणिक कर्जाचं विचारा. चार लाखांपर्यंत बँक तारण मागू शकत नाही, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात.

माळ अजून त्या बाईच्या गळ्यात आहे. आम्ही दोघी उद्या सकाळच्या एसटीने सेतूत, दाखले काढायच्या केंद्रात जातोय. वाडीतल्या कुणाला यायचं असेल तर रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन स्टॉपवर या. झेरॉक्स गावातच काढा, तिकडे लाइट असतेच असं नाही.