उत्तर आधी, अवक्षेप नंतर

अज्ञात द्रावणातला धातूचा आयन ओळखणे ज्यांना जड जाते, त्यांची पद्धतच मुळात उलटी असते: ते आधी परीक्षण करतात आणि मग उत्तर लिहितात. आपण सुज्ञ आहात. आपण उत्तर आधी ठरवावे, म्हणजे पुढची निरीक्षणे आपोआप जमून येतात. द्रावण हिरवे दिसले की निकेल लिहून मोकळे व्हावे. क्रोमियमही हिरवा असतो, लोहाच्या फेरस क्षारांनाही फिकट हिरवी छटा असते, क्युप्रिक क्लोराइडचे संहत द्रावणसुद्धा हिरवेच दिसते, असल्या माहितीने निर्णयशक्ती दुबळी होते. द्रावण रंगहीन असेल तर शेजाऱ्याच्या वहीत डोकवावे. त्याची बाटली वेगळी आहे ही त्याची अडचण, आपली नव्हे.

परीक्षणात एकेक रसायन घालून आयन गटागटाने वेगळे काढतात. पहिल्या गटासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळता तळाशी बसणारा पदार्थ, मिळाला, तर तो शिशाचा, चांदीचा किंवा मर्क्युरस पाऱ्याचा असू शकतो. शिशाचा अवक्षेप उकळत्या पाण्यात विरघळतो, चांदीचा अमोनियात विरघळतो आणि पाऱ्याचा अमोनियाने काळा पडतो. पण एवढी उठाठेव कशाला? चांदी लिहावी, वहीत शोभून दिसते. शिसे असलेच तर ते कुठे जात नाही: लेड क्लोराइड थंड पाण्यातही थोडे विरघळते, त्यामुळे उरलेसुरले शिसे दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाइडबरोबर काळे होऊन पुन्हा भेटायला येते. तेव्हा त्याला तांबे म्हणावे. मूळ द्रावणात तांब्याच्या निळ्या रंगाचा मागमूसही नव्हता, हे कोणाच्या लक्षात राहते?

खरे कौशल्य मात्र तिसऱ्या, म्हणजे अमोनियाने अवक्षेप देणाऱ्या गटाच्या उंबरठ्यावर पणाला लागते. पुस्तके सांगतात की आधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्णपणे घालवावा, वाफेवर धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळा पडेनासा झाला म्हणजे तो गेला असे समजावे, मग संहत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पुन्हा उकळावे म्हणजे फेरस लोहाचे फेरिक होते, आणि त्यानंतर भरपूर अमोनियम क्लोराइड घालून मगच अमोनियाला हात लावावा. हे सगळे ज्यांना घरी जायची घाई नाही त्यांच्यासाठी आहे. आपण वायू तसाच ठेवून नायट्रिक आम्ल ओतावे. गंधकाचा दुधट गढूळपणा येईल, त्याची नोंद अवक्षेप म्हणून करावी. अमोनियम क्लोराइडलाही फाटा द्यावा. ते हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण आवरून धरते, आणि असला आवर सुटला की मॅग्नेशियम, मँगनीज अशी पुढच्या गटांतली मंडळीही तिसऱ्याच गटात बसायला येतात. इतरांना तीन गट पालथे घालून जे सापडते, ते आपल्याला एकाच परीक्षानळीत मिळते; कोणते काय आहे, हा प्रश्न तेवढा विचारू नये.

ज्योत परीक्षणात प्लॅटिनमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योत रंगहीन होईपर्यंत तापवत बसण्याची प्रथा आहे. तार बोटांनी पुसणे अधिक सोयीचे. बोटांवरच्या मिठाने प्रत्येक नमुना सोनेरी पिवळा जळतो आणि सोडियम हमखास सापडते. त्या झगझगाटात पोटॅशियमचा जांभळा रंग बुडून गेला, तरी पिवळा प्रकाश अडवणारी निळी कोबाल्ट काच शोधत फिरू नये. बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी ज्योतीचा प्रकाश प्रिझममधून पाहण्याचा खटाटोप केला, म्हणून त्यांना १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम अशी दोन नवी मूलद्रव्ये गळ्यात बांधून घ्यावी लागली.

आयन खरोखर तोच आहे याची खात्री करणारी निश्चिती परीक्षणे शेवटी, आणि शक्यतो फक्त वहीतच करावीत. निकेलसाठी डायमिथिल ग्लायऑक्झिम टाकले आणि द्रावण आम्लधर्मीच राहिल्याने लाल अवक्षेप आला नाही, तरी ‘गुलाबी लाल अवक्षेप मिळाला’ हे वाक्य लिहायला अमोनिया लागत नाही. फेरिक लोहासाठी थायोसायनेट वापरावे, कारण ते इतके संवेदनशील आहे की नीट न धुतलेल्या नळीतले लोहसुद्धा लालसर रंग देते. नमुन्याऐवजी नुसते पाणी घेऊन तेच परीक्षण करून पाहण्याची सूचना कोणी केली, तर ती नम्रपणे नाकारावी. कारण उद्या आपल्या बाटलीत निव्वळ ऊर्ध्वपातित पाणीच होते असे निघाले, तर त्यात सापडलेल्या सोडियमचे आणि लोहाचे काय करायचे?