कुर्त्याचं गाव कुठलं?

गेल्या दिवाळीत भाची नवा कुर्ता घालून आली. किंमत २,८०० रुपये. "मावशी, सस्टेनेबल आहे," म्हणत तिनं कौतुकानं टॅग दाखवला. खाकी कागद, सुतळीची गाठ आणि कागदात तुळशीचं बी. कुंडीत पुरला की रोप येतं म्हणे. (आधीच्या कुर्त्याचा तिनं पुरला होता. काही उगवलं नाही. असो.)

माझं माहेर इचलकरंजीचं. आप्पांचे आठ माग होते. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणून झालेलं कापडही त्याचंच, मधली मजुरी तेवढी आपली. ऐंशी ओलांडली तरी कापड हातात आलं की आप्पांना राहवत नाही. त्यांनी कुर्ता उलटा केला. आतल्या शिवणीत इवलीशी पट्टी होती: ६० टक्के ऑरगॅनिक कॉटन, ४० टक्के रिसायकल्ड पॉलिएस्टर. दुमडीतून एक धागा ओढून त्यांनी देवापुढच्या निरांजनावर धरला. निव्वळ सुती धागा कागदासारखा जळतो, राख चिमटीत चोळली की उडून जाते. हा आक्रसला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. आप्पा म्हणाले, "निम्मी बाटलीच नेसलीयस की गं!"

भाची हिरमुसली. मला मात्र तो मणी डोक्यातून जाईना.

रिसायकल्ड पॉलिएस्टर बहुतेक करून प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासूनच होतं. ऐकायला छान वाटतं. पण बाटली गोळा करून तिची पुन्हा बाटली करता येते. एकदा का तिचा धागा होऊन तो कापसात मिसळला, की ते दोन वेगळे करणं महाकठीण. धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. म्हणजे टॅगवर जे पुण्य म्हणून छापलं होतं, ते फार तर निम्मं पुण्य.

मग मी ब्रँडला मेल केला. साधे तीन प्रश्न: कापड कुठल्या गावात विणलं? कुठे रंगवलं? शिवणाऱ्या बायकांना काय मिळतं? नऊ दिवसांनी उत्तर आलं. त्यात धरतीमाता होती, कारागिरांचे कुशल हात होते, 'मूल्यांशी बांधिलकी' होती. गाव नव्हतं. शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन.

लहानपणी आपण नाव-गाव-फळ-फूल खेळायचो ना? मी आता कुठल्याही कपड्याच्या ब्रँडशी तोच खेळ खेळते. फळ-फूल सगळेच भरतात, टॅगवर पानं-फुलं चिकार. मी बघते पहिले दोन रकाने. कारखान्याचं नाव आणि गाव.

हे खूळ नाही, यामागे माणसं मेलेली आहेत. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. आत कपडे शिवणारे पाच कारखाने होते. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. १,१३४ जण गेले. त्यानंतरची गोष्ट मला जास्त छळते. तिथे कोणाचा माल शिवला जात होता हे शोधायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं आणि कागदपत्रं उकरावी लागली. आमचा संबंध नाही म्हणायला कंपन्या मोकळ्या, कारण यादीच कुठे जाहीर नव्हती.

त्या वर्षी सुरू झालेली 'फॅशन रिव्होल्यूशन' ही चळवळ पुढे पारदर्शकतेचा निर्देशांक काढू लागली. २०२३ मध्ये त्यांनी जगातले २५० मोठे ब्रँड तपासले. सरासरी गुण शंभरात २६. शिवणकामाच्या कारखान्यांची यादी जाहीर करणारे निम्म्याहून जरासे जास्त. आमच्याकडे एवढे गुण घेऊन घरी गेलं असतं तर जेवण मिळालं नसतं. आणि हे गुण चांगुलपणाचे नव्हेत, केवळ माहिती दिल्याचे. यादी दिली म्हणून कंपनी साधू होत नाही. पण उद्या काही घडलं तर कोणाचं दार वाजवायचं हे तरी कळतं.

"पण सर्टिफिकेट असतं ना," असं माझी एक मैत्रीण म्हणाली. असतं की. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला 'एसए ८०००' हे कामगारांच्या सुरक्षिततेसकट सगळं तपासणारं प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ ला, तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारांना कुलपं. अडीचशेहून जास्त माणसं आत संपली.

आपल्या घरचंही सांगते. ऑरगॅनिक कापडासाठी 'गॉट्स' हे मानक जगभर चालतं. २०२० मध्ये त्याच संस्थेनं जाहीर केलं की भारतात बनावट कागदपत्रांवर सुमारे २०,००० टन कापूस ऑरगॅनिक म्हणून दाखवला गेला. अकरा कंपन्यांवर बंदी आली. तरी मी गॉट्सला मोडीत काढणार नाही. चोरी त्यांनीच पकडली आणि त्यांनीच सांगितली. शिवाय त्यांच्या लेबलवर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. नुसतं पान छापलंय आणि नंबर नाही, तर ते पान सजावटीचं समजा. 'बेटर कॉटन' या कापसाच्या दुसऱ्या मानकाचं गणित आणखी निराळं. त्यांची जी जुनी पद्धत आहे तिच्यात हिशोब वजनाचा: कंपनीनं तेवढ्या कापसाचे पैसे मोजलेले असतात, पण तुमच्या हातातल्या शर्टात तोच कापूस असेलच असं नाही.

शब्दांचं म्हणाल तर 'कॉन्शस', 'इको', 'ग्रीन' याला आता थोडा लगाम बसतोय. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणानं एचअँडएम आणि डिकॅथलॉनला असली मोघम लेबलं बदलायला लावली. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली: पर्यावरणाचा दावा केलात तर पुरावा दाखवा. म्हणजे आपण विचारलं तर ती भोचकपणाची गोष्ट राहिलेली नाही.

सगळ्यात अवघड रकाना मजुरीचा. बहुतेक ब्रँड लिहितात, "किमान वेतन दिलं जातं." अहो, ते तर कायद्यानं द्यावंच लागतं! बांगलादेशात २०२३ च्या अखेरीस शिवण कामगारांचं किमान वेतन महिना १२,५०० टका ठरलं, कामगारांची मागणी होती २३,००० ची. कायदा आणि पोट यांच्यात एवढं अंतर. आप्पांच्या मागावर मजुरी 'पिका'वर, म्हणजे इंचात आडवे धागे किती यावर, ठरायची, मीटरमागे पैशांत, आणि एकेका पैशासाठी संप व्हायचे. म्हणून 'योग्य मोबदला' हे दोन शब्द वाचले की मला आकडा हवा असतो. तो जवळपास कुणीच देत नाही.

रंगाचंही तसंच. आमच्या गावात काळा ओढा आहे. नाव उगाच पडलेलं नाही. कापड धुऊन-रंगवून झाल्यावरचं पाणी त्यातून पंचगंगेला जाताना बघत मी मोठी झाले. त्यामुळे 'नैसर्गिक छटा' वगैरे वाचलं की मी विचारते, पाणी कुठे सोडता?

इथे दोन गोष्टी आधीच बोलून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये रण माजेल. एक, तीनशे रुपयांचा टॉप घेणाऱ्या मुलीला मी बोल लावत नाहीये. तिला तेवढाच परवडतो, आणि ती तो झिजेपर्यंत वापरते. दोन, महाग म्हणजे चांगलं हेही खरं नाही. बर्बेरीसारख्या बड्या नावानं २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. ओरड झाल्यावर थांबवलं. त्यामुळे मी हल्ली आणखी एक विचारते: वर्षाला नग किती काढता? दर आठवड्याला नवा माल आणणाऱ्या दुकानानं एक हिरवा कोपरा केला, तर त्या कोपऱ्याचं मी काय करू?

त्या कुर्त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चार महिन्यांत काखेत उसवला, भाचीनं शिवला, पुन्हा शेजारी उसवला. मे महिन्यात बोहारीण आली तेव्हा बाकीच्या कपड्यांबरोबर तोही काढला. तिनं शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली, कापड बोटांत चुरगाळलं आणि कुर्ता बाजूला ठेवला. "याचं काय न्हाई येत, ताई. ती जुनी सोलापुरी चादर असंल तर बोला."

चादर मी दिली नाही.