यारा नदीवरील कयाकिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेलबर्नच्या यारा नदीवरील कयाकिंगविषयीच्या, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीतून फिरण्याविषयीच्या, माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. अशा लेखांमुळे नदीवर गर्दी वाढते, वल्ह्यांची होडी निरुपद्रवी असते हा भ्रम आहे, आणि वुरुंजेरी या मूळनिवासींचा उल्लेख मी केवळ शोभेपुरता केला आहे, असे आपले म्हणणे आहे. लेख काढून टाकावा, अशी सूचनाही आपण केली आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो मान्यही आहे. मोटारबोट दुरून ऐकू येते, त्यामुळे पक्ष्यांना सरकायला वेळ मिळतो. कयाक मात्र वीतभर पाण्यातून थेट काठाच्या झुडपांपर्यंत पोहोचते आणि शेवटच्या क्षणी दिसते. पंख वाळवत बसलेला पाणकावळा किंवा घरट्यावरचे बदक तेव्हा दचकून उठते. म्हणून काठ सोडून मधल्या प्रवाहातून जावे आणि पक्ष्याने मान ताणली की तिथेच वल्हे थांबवावे.

यारा बेंड या नदीकाठच्या उद्यानातील वटवाघळांच्या बाबतीत तर अंतराइतकीच वेळही पाळावी लागते. करड्या डोक्याची ही फळखाऊ वटवाघळे पूर्वी शहराच्या वनस्पती उद्यानात राहत. 2003 मध्ये मोठे आवाज करून त्यांना तेथून हुसकावण्यात आले आणि त्यांतील बरीचशी येथे स्थिरावली. उन्हाळ्यात ती नदीच्या पृष्ठभागाला पोट घासत उडतात आणि मग पोटावरची ओली लव चाटून तहान भागवतात. ज्यांना एकदा घर सोडायला लावले, त्यांच्या पाण्यावर संध्याकाळी दिवे लावून होड्यांचा ताफा उभा करणे मला तरी असभ्यपणाचे वाटते. उष्म्याने खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये, कारण त्याच्यापासून लिसाव्हायरस या रेबीजसारख्या विषाणूची लागण होऊ शकते; वन्यजीव बचाव पथकाला कळवावे.

गर्दीच्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. या नदीचे मोठे नुकसान वल्ह्यांनी होत नाही. पाऊस पडला की रस्त्यांवरचे तेल, प्लास्टिक आणि कुत्र्यांची विष्ठा पावसाळी गटारांतून थेट नदीत येते. त्यामुळे जोराच्या पावसानंतर काही दिवस पाण्यात न उतरणेच शहाणपणाचे ठरते. नदीकाठच्या वॉरनडाइट उपनगराच्या बाजूला आढळणाऱ्या प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याचेच पाहा. 2021 पासून व्हिक्टोरिया राज्यात त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते. त्याच्या अंगात रबरी कडी आणि गळाची दोरी रुतते. यॅबी या झिंग्यासाठी लावलेल्या बंदिस्त जाळ्यांत अडकला, तर श्वासासाठी वर येता न आल्याने तो बुडून मरतो. ही जाळी 2019 मध्ये राज्यात बेकायदा ठरली. पाण्यात अडकलेली अशी जाळी नजरेस पडण्याची शक्यता असते ती होडीतल्या माणसालाच. प्लॅटिपसचे नेमके डोह मी लेखात मुद्दामच सांगितलेले नाहीत. पाण्यात पडलेल्या रेड गम या निलगिरीच्या जातीतील झाडाच्या ओंडक्यांबद्दल काही जण तक्रार करतात, पण माशांचा आसरा तोच असल्याने वळसा आपणच घालायला हवा.

वुरुंजेरींचा उल्लेख शोभेपुरता आहे, हे मला अजिबात पटत नाही. ज्या नदीला ते बिरारंग म्हणतात, तिच्यावर झाडाच्या सालीच्या होड्या चालत होत्या, आणि ज्यांची साल काढली ती वण असलेली झाडे आजही काही ठिकाणी उभी आहेत. म्हणजे येथे वल्हवणे हाच मुळात त्यांच्या वारशाचा भाग आहे. अशा झाडाला दोर बांधू नये. आदिवासी वारशाला हानी पोहोचवणे 2006 च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. 2017 च्या यारा संरक्षण कायद्याचे शीर्षक इंग्रजीबरोबर वुरुंजेरींच्या वॉय-वुरुंग भाषेतही आहे. तो नदीला एकसंध, सजीव नैसर्गिक अस्तित्व मानतो आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या बिरारंग परिषदेत वुरुंजेरी प्रतिनिधींना स्थान देतो. न्यूझीलंडच्या वांगानुई नदीप्रमाणे याराला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मात्र मिळालेला नाही, आणि ही उणीव मला खटकते.

बुलीनजवळचे बोलिन बोलिन हे नदीपासून तुटलेले वळणतळे मी कयाकच्या मार्गात धरलेले नाही. ईल माशांच्या हंगामात अनेक कुळे तेथे एकत्र जमत. नदीच्या वरच्या भागात धरणे झाल्यापासून पुराचे पाणी तेथे पूर्वीसारखे पोहोचत नाही. ते काठावरून पाहावे. तेथे होडी नेण्याचे काहीच कारण नाही.

लेख मी काढणार नाही. पाण्यात उतरण्याच्या जागांच्या यादीत मात्र बांधलेले धक्केच राहतील, कारण जिथे वाटेल तिथे होडी ओढल्याने काठाची माती ढासळते. डाइट्स फॉल्सच्या बंधाऱ्याच्या बरेच आधी होडी बाहेर काढावी आणि लाईफ जॅकेट घालावे, या सूचनाही लेखात तशाच राहतील.