नागपुरात गाळे बांधताना आधी दुपार बघा

नागपुरात नव्या कॉम्प्लेक्सचा नकाशा निघतो तो रस्ता कुठल्या बाजूला आहे ते बघून. ऊन कुठल्या बाजूने येणार, हे विचारतच नाहीत. ज्या शहरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला, तिथे पश्चिमेला अख्खी काच लावणं हा दुकानदारावर अन्याय आहे. त्या काचेचं वीजबिल तो वर्षानुवर्षं भरतो.

मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण 23 अंश वर असतो, अगदी शटरसमोर. 7 फुटी शटर सावलीत ठेवायचं तर छज्जा 16 फूट बाहेर काढावा लागेल. म्हणून पश्चिमेला छज्ज्यावर पैसे घालू नका. तिथे जाळीची भिंत किंवा कडुनिंबाची रांग लागते. उभ्या पट्ट्या लावल्या तर तिरप्या लावा, भिंतीशी काटकोनातल्या पट्ट्यांमधून ऊन सरळ आत येतं. दक्षिणेला मात्र 3 फुटांचा छज्जा मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत भरदुपारी पुरतो आणि डिसेंबरात कोवळं ऊन आत येऊ देतो.

त्यामुळे इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, गाळ्यांची तोंडं उत्तर-दक्षिण. पश्चिमेच्या टोकाला जिना, संडास, गोदाम. औषधाचं दुकान उत्तरेच्या रांगेतच हवं. कितीतरी औषधांच्या खोक्यांवर 25 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि वीज गेली की तापलेली भिंत ते पाळू देत नाही.

कूलरचं तर कुणी नियोजनच करत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण गाळ्याला एकच शटर असेल तर आत आलेली ओली हवा जाणार कुठे? तासाभरात कपडे, कागद, बिस्किटं सगळं दमट. मागच्या भिंतीत वर, निदान कूलरच्या तोंडाएवढा झरोका ठेवा आणि प्रत्येक गाळ्याला नळ व निचरा द्या. पाऊस लागला की कूलर निकामी, तेव्हा हाच झरोका वारा खेळता ठेवतो.

एसीची बाहेरची युनिटं मागच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगतात. खालच्याची गरम हवा वरचं युनिट ओढतं, आणि ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कॉम्प्रेसर ट्रिप होतो. ती उत्तरेच्या उघड्या बाजूला, वेगळ्या कट्ट्यावर हवीत.

पावसाचंही तेच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस झाला आणि नाग नदीकाठचे तळमजले भरले. विजेचं पॅनल तळघरात ठेवूच नका. जोत्याची उंची आजच्या डांबरी रस्त्यावरून धरू नका, सिमेंटचा रस्ता झाला की तो वर आणि दुकान खाली. होणाऱ्या रस्त्याच्या दोन फूट वर जोतं घ्या. त्याला 1:12 उताराचा 24 फुटी रॅम्प लागतो, ती जागा नकाशातच सोडा. काळ्या मातीवर नुसते पेव्हर टाकले तर पहिल्या पावसाळ्यानंतर रॅम्प खचेल. माती काढून मुरूम भरा, थराथराने दाबा, मगच पेव्हर बसवा.